टाकीत उतरलेला माणूस

पाण्याचे ते वाईट दिवस होते. मुकुंदवाडीत नळ कधी येईल याचा नेम नव्हता, आणि ज्या सकाळी तो यायचा त्या सकाळी आमच्या इमारतीतलं कुणीही वेळेवर कामावर पोचायचं नाही. त्याच दिवसांत शहर मात्र असं वाढत होतं की विचारू नका. मी उस्मानपुऱ्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे. शेतं होती तिथं रो-हाउस आणि रो-हाउस होती तिथं फ्लॅट, असं सगळं माझ्या टेबलावरून जात होतं. प्रत्येक मालक एक गोष्ट न चुकता सांगायचा, जमिनीखालची टाकी जरा मोठी घ्या. त्या टाकीत भरायचं काय, हे कुणी विचारायचं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला पगार टाकी काढायचा मिळत होता.

त्या उन्हाळ्यात तो पिक्चर आला. त्याचं नाव सांगत नाही, नाव काढलं की आमच्या ऑफिसातली माणसं अजूनही भांडायला उठतात. अवकाशात निघालेलं जहाज, त्यात शिरलेलं काहीतरी अघोरी, आणि ते एकेकाला गिळत जातं, या जातीचा पिक्चर. याला विज्ञानाचा म्हणायचं की भुताचा, यावरही एकमत नाही. पहिला भाग माझ्या लहानपणचा. नंतर दोन भाग आले, ते मी पाहिले नाहीत. त्यांत पहिल्या भागातली बाई नव्हती, आणि ती नाही म्हणजे आपलंही तिथं काम नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. आता इतक्या वर्षांनी चौथा भाग निघाला होता आणि तीच बाई पिकल्या केसांनी पोस्टरवर उभी होती. जालना रोडवर ते पोस्टर दिसलं तेव्हा मी रिक्षा थांबवली आणि उतरून बघत राहिले. माझ्या वयाच्या बाईला ते शोभत नव्हतं, पण मला फार आनंद झाला होता.

आनंद त्या बाईचा नव्हता. पहिल्या भागात टाकीत उतरलेला माणूस आता वर येणार, याचा होता.

हे नीट कळायचं तर देवगाव रंगारीला जावं लागेल. माझं लहानपण तिथलं. मी नऊ-दहा वर्षांची असताना असाच दुष्काळ होता. विहिरीतला गाळ काढायला वडील खाली उतरले आणि जिवंत वर आले नाहीत. मला घराबाहेर येऊ दिलं नव्हतं. त्यामुळे माझ्या लेखी ते उतरले, एवढंच घडलं होतं. पुढचं सगळं लोकांच्या तोंडून ऐकलेलं होतं आणि त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. वडिलांच्या धाकट्या भावानं, म्हणजे काकांनी, आम्हा मायलेकींना आपल्या घरात घेतलं. पुढं मला डिप्लोमापर्यंत शिकवलंही त्यांनीच. शब्दाला पक्का माणूस. माझ्या आयुष्यात मला कधीही न फसवणारं माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून काकांचं नाव घेतलं असतं.

गणपतीत शाळेत व्हिडिओ आणायची तेव्हा पद्धत होती. शहरातून भाड्यानं टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटा यायच्या. वीज दुपारचीच असायची, म्हणून वर्गाच्या खिडक्यांना पोती लावून अंधार करायचे. हिंदी पिक्चर गावाला कळायचा. पण एक तरी इंग्रजी कॅसेट हवीच, असा पोरांचा हट्ट असायचा, आणि ती आणली की ती सांगायला माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे काका. ते शहरातल्या कारखान्यात काही वर्षं काढून आले होते, तेव्हा त्यांना इंग्रजी येतं असं गावानं परस्पर ठरवलं होतं. टीव्हीशेजारी हातात छडी घेऊन ते उभे राहायचे आणि चालू पिक्चर सांगत जायचे. कोण कुणाला काय म्हणालं, कुणाच्या मनात काय आहे, आता काय होणार. टीव्हीचा आवाज बारीक करून ठेवलेला असायचा. पिक्चर कसा होता, असं आमच्या गावात कुणी विचारत नसे. काकांनी कसा सांगितला, असं विचारत.

त्या वर्षी आमच्या घरात सण नव्हता. काका सांगायला जाणार नव्हते. मी रडून गोंधळ घातला, तेव्हा कुठं ते उठले. पोरीला एकटी कशी सोडायची म्हणून आईसुद्धा आली आणि मला जवळ घेऊन बायकांच्या मागं, दाराशी बसली. पिक्चर असा होता: एक जहाज लांबच्या चंद्रावरून पाणी भरून निघालंय, आणि त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आहे. जहाजावरच्या टाक्या सांभाळणारा एक माणूस असतो. टाकीत बिघाड होतो, तो शिडीनं खाली उतरतो, आणि वर उभी असलेली ती बाई घाबरून झाकण लावून घेते. भीतीची जागा आली की आई माझ्या डोळ्यांवर पदर ओढायची. त्यामुळे अर्धा पिक्चर मी नुसत्या काकांच्या आवाजात पाहिला. त्या जागेलाही पदर होता. काका मधेच थांबले. मग त्यांचा आवाज आला.

“त्यो मेला नाय. खाली येक पाइप हाय, त्यात जीव मुठीत धरून बसलाय. त्याला वरचं समदं ऐकू येतंय. पुढच्या भागात येतोय त्यो वर.”

एवढं ऐकून माझ्या जिवात जीव आला. त्यानंतर कितीतरी दिवस शाळेत आमचा जहाजाचा खेळ चालायचा. पारावर जहाज, खाली टाकी. टाकीत जाणाऱ्यानं शेवटी ओरडत वर यायचं आणि सगळ्यांनी त्याला हात देऊन ओढून घ्यायचं. टाकीत जायचा डाव बहुतेक वेळा माझ्यावर यायचा, आणि मला तो सगळ्यांत जास्त आवडायचा. पुढं मी शहरात आले, लग्न झालं, घरात टीव्ही, मग संगणक आला, पण तो पिक्चर पुन्हा लावून बघावा असं कधी मनात आलं नाही. मला तो तोंडपाठ होता. मधल्या दोन भागांत ती बाईच नव्हती, म्हणजे झाकण उघडायला कुणी नव्हतं, म्हणून तेही सोडून दिले.

तर असा तो चौथा भाग. शनिवारी ऑफिस दुपारी सुटायचं, तेव्हा आम्ही तिघं गेलो: मी, आमचा साइट इंजिनिअर आणि नुकतीच लागलेली एक तरुण आर्किटेक्ट. हिंदीतला खेळ होता. थिएटर गच्च भरलं होतं, त्यातले निम्मे गार हवेसाठी आले असावेत. गोष्ट बरी चालली होती. ती म्हातारी बाई पुन्हा त्याच जहाजावर जाते, पुन्हा पाण्यात ते अघोरी असतंच. आणि शेवटाकडं ती काय करते, तर जहाजाच्या सगळ्या टाक्या उघडते आणि सगळं पाणी बाहेर, काळ्या पोकळीत सोडून देते. पडदाभर पाणी. ते बाहेर पडून गोठत होतं, चमकत होतं, आणि संगीतवाल्यानं तिथं काय ते सूर लावले होते. आम्ही रडावं अशी त्याची अपेक्षा होती. पण त्या अंधारात एक वेगळाच आवाज उठला. दूध उतू जाताना बायकांच्या तोंडून निघतो तसा. माझ्या मागं कुणीतरी पुरुष हळहळून म्हणाला, “अगं बाई, भांडं तरी लाव.” सगळं थिएटर हसलं, आणि हसता हसता गप्प झालं. बाहेर आल्यावर तीन अनोळखी बायका पार्किंगमध्ये उभ्या राहून त्या म्हातारीला बोल लावत होत्या.

सोमवारी ऑफिसात दोन तट पडले. इंजिनिअरचं म्हणणं, पिक्चर भिकार आहे. एवढं पाणी कुणी फेकतं का? तुरटी फिरवायची, उकळायचं, क्लोरीन टाकायचं, भूत असलं तरी किती टिकेल? ज्याला पाण्याची किंमत कळत नाही त्यानं पाण्यावर पिक्चर काढू नये. तरुण पोरीचं म्हणणं, हीच तर त्यातली ताकद. जे जपायला माणसं मेली तेच ती सोडून देते, म्हणजे ती मोकळी होते. इंजिनिअर म्हणाला, मोकळी झाली, आता प्यायचं काय? हे आठवडाभर चाललं. साहेबांनी मत दिलं नाही, कारण त्यांचा बंगला टँकरवर होता आणि कुठल्याही बाजूनं बोलणं त्यांना महागात पडलं असतं. मी घरी येऊन इंटरनेटवर लोकांची मतं वाचली, म्हटलं जगाचं काय म्हणणं आहे बघू. एकानं लिहिलं होतं, पहिल्या भागाचा आत्मा या लोकांनी मारला. त्याच्याच खाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, पहिल्या भागाचा आत्मा इतक्या वर्षांनी परत आला. दोघांनाही माना डोलावणारे हजारो. माझं डोकं आणखीच फिरलं.

कारण मला हे दोन्ही तट समजत नव्हते. पाणी सोडलं काय, धरलं काय, मूळ मुद्दा तो नव्हताच. मूळ मुद्दा असा, की टाक्या उघडल्या, तळ दिसला, आणि पाइपात कुणीच नव्हतं. नुसतं नव्हतं असंही नाही, त्याची कुणी आठवणही काढली नाही. ज्या बाईनं त्याच्यावर झाकण लावलं तिनं एकदासुद्धा वाकून खाली पाहिलं नाही. इतक्या वर्षांनी भाग काढता आणि एवढी एक गोष्ट पुरी करत नाही, याचा मला खरोखर संताप आला होता. आणि माझ्याखेरीज कुणालाच तो आला नव्हता, याचं त्याहून नवल वाटत होतं.

शेवटी एका दुपारी डबा खाताना मी हे बोलून दाखवलं. इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, वो तो मर गया था ना. पहिल्याच भागात.” मी म्हटलं, नाही, तो पाइपात बसला होता. तो म्हणाला, कुठला पाइप? मी पाइप कुठल्या बाजूला होता तेसुद्धा सांगितलं. टाक्यांचे नकाशे काढणारी बाई मी, मला इनलेट-आउटलेट कळतं. माझा आवाज चढला असावा, कारण साहेब केबिनमधून डोकावले.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिला भाग पेन ड्राइव्हवर आणला. जेवणाच्या सुट्टीत माझ्याच संगणकावर, माझ्याच उघड्या नकाशावर त्यानं तो लावला आणि नेमकी ती जागा काढली. माणूस शिडीनं उतरला. बाईनं झाकण लावलं. मग बराच वेळ नुसतं पाणी. मग तो वर आला. उताणा, डोळे उघडे, पाण्यावर तरंगत. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर इतका वेळ थांबला होता की शंकेला जागाच नव्हती. पाइप कुठंच नव्हता. इंजिनिअर जिंकला होता, पण माझं तोंड बघून त्यानं पिक्चर बंद केला, आणि खाली माझी अर्धी काढलेली टाकी पुन्हा दिसायला लागली.

मला काय वाटलं ते धड सांगता येत नाही. आधी वाटलं, ही प्रत वेगळी असेल, मधला तुकडा कापला असेल. मग वाटलं, काकांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांचा घोटाळा झाला. पण त्या जागेला इंग्रजी लागतच नव्हतं, मेलेला माणूस कुठल्याही भाषेत मेलेला दिसतो. म्हणजे काकांनी बघितलं होतं आणि तरी ते खोटं बोलले होते. आणि काका एकदा खोटं बोलू शकतात, तर मग त्यांनी मला जे जे सांगितलं, वडील शांतपणे गेले, त्यांना त्रास झाला नाही, शेवटी त्यांनी तुझं नाव घेतलं, त्यातलं खरं काय? ते वाक्य मी आयुष्यभर उशाशी घेऊन झोपले होते. आठवडाभर मी टाक्यांची मापं चुकवत राहिले.

रविवारी सकाळी एसटी पकडून मी गावाला गेले. वाटेत दोन्ही बाजूंना नुसती उघडी जमीन. शहराजवळच्या जमिनींवर प्लॉटच्या पांढऱ्या खुणा पडल्या होत्या, पुढच्या जमिनींवर काहीच नव्हतं. आई आणि काका अजून त्याच घरात राहत होते. मी कितीदा बोलावलं तरी आई शहरात यायला तयार नव्हती. तुमच्या शहरापेक्षा आमचा टँकर वेळेवर येतो, म्हणायची. काकी काही वर्षांपूर्वी गेल्या होत्या. काका आता फार थकले होते, आणि त्यांचं विसरणं वाढलं होतं. मला ओळखायचे, पण सकाळी जेवलो की नाही ते विसरायचे.

मी भांडायलाच गेले होते. चहा झाल्या झाल्या विचारलं, काका, शाळेत तुम्ही तो जहाजाचा इंग्रजी पिक्चर सांगितला होता, आठवतो? त्याचा पुढचा भाग आलाय. टाकीत उतरलेला माणूस मेला नाही, असं तुम्ही का सांगितलं? ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना आठवत नव्हतं, की नुसतं जहाज आठवत होतं, काही कळेना. अशा माणसाशी काय भांडायचं, म्हणून मी उठून मागं परसात आले. आई तिथं घागरी घासत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. घागरीवरून नजर न काढता ती बोलायला लागली.

“त्यो मेला व्हता. मी बघितलं. समद्या शाळेनं बघितलं. तू पदराखालूनच मोठ्यानं इचारलंस, काका, त्यो वर येईल ना? तुझे काका लई वेळ काय बोललेच नाय. भाऊ जाऊन चार म्हैने झाले नव्हते. मंग म्हणले, येईल. अन् समोर मुडदा तरंगतोय, पर शाळेतलं येक माणूस बोललं नाय.”

मी विचारलं, आणि पोरं? पोरं कशी बोलली नाहीत? आई म्हणाली, गुरुजींनी दुसऱ्या दिवशी पोरांना बजावून सांगितलं होतं. मला तो खेळ आठवला. टाकीचा डाव बहुतेक वेळा माझ्यावरच का यायचा ते कळलं, आणि वर येताना पुढं आलेले ते सगळे हात आठवले. त्या पोरांनीही तो चेहरा पाहिला होता, आणि एकानंही, भांडणातसुद्धा, मला ते सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. ते रागाचं होतं की कशाचं, मला अजून कळलेलं नाही. फसवणूकच म्हणायची तर सगळ्या गावानं मिळून केलेली होती, आणि इतकी नीट की तीस-पस्तीस वर्षं तिला एक चीर गेली नव्हती. वडिलांनी माझं नाव घेतलं होतं का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी विचारलं नाही. आईनं खरं सांगितलं असतं.

तोंड धुऊन मी ओसरीवर आले. काका खाटेवर बसून होते. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं होतं. मघाचा प्रश्न आत कुठंतरी फिरत राहिला असावा आणि आता भलतीकडूनच बाहेर आला होता. माझा हात धरून त्यांनी मला शेजारी बसवलं.

“म्हंजी पुढचा भाग आला म्हण की. मंग आला का त्यो वर?”

ते थट्टा करत नव्हते. मुडदा ते विसरले होते, आपण खोटं बोललो तेही विसरले होते. त्यांच्यापाशी उरलं होतं ते फक्त त्यांनी स्वतः सांगितलेलं. मी गावाला निघाले होते ते खरं-खोटं करायला, आणि आता खरं माझ्याकडं होतं, त्यांच्याकडं नव्हतं. मी आईकडं पाहिलं. ती घागर काखेत घेऊन दारात उभी होती, पण तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.

“आला,” मी म्हटलं. “केस पिकलेत, पण आला.”

काकांनी मान हलवली, म्हणजे यात नवल ते काय, अशी. आईनं घागर खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि इतक्या वर्षांत कधी बसली नव्हती तशी ती काकांच्या समोर, उंबऱ्याशी फतकल मारून बसली.

“सांग ना मंग,” ती मला म्हणाली. “कुठं व्हता इतकी वरसं?”